न उचललेला लँडलाइन कॉल इंटरनेटवरच्या व्हॉइसमेलकडे कसा वळवायचा

लँडलाइन वाजते, कुणी उचलत नाही. मग एका छोट्या अडॅप्टरनं तो कॉल उचलावा, इंटरनेटवरून व्हॉइसमेलला जोडून द्यावा आणि निरोपाचं रेकॉर्डिंग ईमेलमध्ये येऊन पडावं, एवढंच आपल्याला हवं आहे. कॉल उचलून पुढे ढकलणं अर्ध्या तासात जमतं. मेख आहे ती दुसऱ्या टोकाला. समोरच्यानं फोन ठेवला हे अडॅप्टरला कळलं पाहिजे आणि त्यानंही लाइन सोडली पाहिजे. ते जमलं नाही तर व्हॉइसमेलमध्ये तीन मिनिटांची टूं-टूं साठत राहते आणि तोवर घरचा फोन सगळ्यांना एंगेज लागतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या भागाला दिली आहे.

आधी पाहा, अडॅप्टर लागतोच का

बऱ्याच लँडलाइन कंपन्या एक्स्चेंजमध्येच कॉल वळवून देतात. तुमच्या लाइनवर ‘उत्तर न मिळाल्यास वळवा’ ही सोय असेल आणि तिचे दर परवडत असतील, तर तीच वापरा. उत्तर अमेरिकेत सगळे कॉल वळवायला *७२ आणि बंद करायला *७३ हे कोड रुळलेले आहेत. युरोपातल्या बऱ्याच देशांत *२१*, मग नंबर, मग # असं दाबलं की सगळे कॉल वळतात. *६१* नं फक्त न उचललेले आणि *६७* नं लाइन एंगेज असतानाचे कॉल वळतात. #६१# दाबलं की न उचललेल्या कॉलचं वळवणं रद्द होतं. तुमच्या कंपनीचे कोड वेगळे असू शकतात, तेव्हा तिची माहितीपत्रिका पाहूनच दाबा.

या पद्धतीत घरची वीज किंवा इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की वळवलेला प्रत्येक कॉल तुमच्या नावावर बाहेर जाणारा कॉल म्हणून मोजला जातो. शिवाय किती रिंगांनंतर वळायचं हे बहुधा कंपनी ठरवते.

अडॅप्टर घ्यायचा तो कॉल वळवण्याची सोयच नसेल, तिचं मासिक भाडं नको असेल किंवा रिंगांचं गणित आपल्या हातात हवं असेल तेव्हा. दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एक्स्चेंज आणि अडॅप्टर एकाच कॉलमागे धावतात, आणि आज एक तर उद्या दुसरा जिंकतो. कंपनीचा स्वतःचा व्हॉइसमेल चालू असेल तर तोही आधी बंद करून घ्या.

लँडलाइन आणि इंटरनेट कॉल एकमेकांना जोडण्यावर काही देशांच्या दूरसंचार नियमांत बंधनं आहेत. पैसे खर्च करण्याआधी आपल्याकडचा नियम आणि लँडलाइनच्या अटी वाचून घ्या.

अडॅप्टर निवडताना: दोन भोकं सारखीच दिसतात

बाजारातल्या बहुतेक फोन अडॅप्टरना फोनची एक किंवा दोन सॉकेट असतात आणि ती एफएक्सएस प्रकारची असतात. म्हणजे ती फोनला वीज, डायल टोन आणि रिंग पुरवतात, एक्स्चेंजचं काम करतात. आपल्याला लागतं एफएक्सओ सॉकेट, जे एक्स्चेंजकडून आलेली लाइन घेतं आणि स्वतः टेलिफोनसारखं वागतं. दोन्हींची भोकं हुबेहूब सारखी असतात, म्हणून खरेदीत हमखास फसगत होते. ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०२ दोन सॉकेटांचा आहे, पण दोन्ही एफएक्सएस. या कामाला तो निरुपयोगी. त्याच कंपनीच्या एचटी८१३ मध्ये एक एफएक्सएस आणि एक एफएक्सओ आहे, तो चालतो. जुन्यांपैकी लिंक्सिस, म्हणजे नंतरच्या सिस्कोचा, एसपीए३१०२ हा याच कामासाठी नावाजलेला होता आणि वापरलेला अजूनही मिळतो.

ओबीहायचा ओबी११० सुद्धा एफएक्सओवाला आहे. पण त्या घराण्याची सगळी सोय ओबीटॉक नावाच्या वेबसाइटवर बेतलेली होती आणि ती २०२४ अखेर बंद झाली. अडॅप्टरच्या स्वतःच्या पानावरून तो अजून चालवता येतो, पण नवखा असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

वापरलेला अडॅप्टर घेताना तो एखाद्या सेवा कंपनीनं कुलूपबंद केलेला नाही ना, हे विचारा. कुलूपबंद अडॅप्टर फॅक्टरी रीसेट केल्यावरही त्याच कंपनीकडून सेटिंग्ज ओढतो आणि तुम्ही भरलेली माहिती पुसून टाकतो.

अडॅप्टरबरोबर त्याचाच पॉवर सप्लाय, राउटरपर्यंत पोहोचेल अशी इथरनेट केबल आणि फोनच्या दोन छोट्या वायरी लागतील. त्याच तारेवरून डीएसएल इंटरनेट येत असेल तर एक डीएसएल फिल्टरही घ्या. राउटर आणि अडॅप्टर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर असतील तर उत्तम.

व्हॉइसमेलची बाजू आधी बांधा

लाइनला हात लावण्याआधी ही बाजू पूर्ण करून तपासा. नाहीतर पुढे बिघाड तारेत आहे, अडॅप्टरमध्ये आहे की सर्व्हरवर, याचा पत्ता लागत नाही.

कोणत्याही इंटरनेट फोन सेवेचं एसआयपी खातं घ्या. एसआयपी म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत. त्यातून चार गोष्टी मिळतात: सर्व्हरचा पत्ता, युजर आयडी, ऑथेंटिकेशन आयडी आणि पासवर्ड. वेबसाइटवर शिरायचा पासवर्ड आणि एसआयपीचा पासवर्ड हे सहसा वेगळे असतात. पहिला दुसऱ्याच्या जागी भरून तासन्‌तास डोकं खाजवणारे पुष्कळ आहेत.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: लावल्याबरोबर थेट व्हॉइसमेलच उचलेल असा अंतर्गत क्रमांक. आधी २५ सेकंद वाजून मग व्हॉइसमेलवर जाणारा क्रमांक इथे चालत नाही. घरात आधीच पाच-सहा रिंगा झालेल्या असतात. त्यावर आणखी तेवढ्याच ऐकत बसायला कुणी थांबत नाही. सेवा कंपनीकडे असा क्रमांक नसेल तर दुसरं उपखातं उघडा आणि त्यावरचे सगळे कॉल विनाअट व्हॉइसमेलकडे पाठवा. बाहेरचा पूर्ण टेलिफोन नंबर देण्यापेक्षा अंतर्गत क्रमांक बरा, कारण त्यावरचे कॉल बहुधा मोफत असतात.

घरात ॲस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालवत असाल तर डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कोणता क्रमांक लावल्यावर काय करायचं त्या यादीत, एक क्रमांक ठरवा. तिथे आधी ‘आन्सर’, मग एक सेकंदाची ‘वेट’ आणि मग ‘व्हॉइसमेल’, असा क्रम ठेवा. ती एक सेकंद गाळली तर स्वागतसंदेशाचा पहिला शब्द तुटतो. व्हॉइसमेल या आज्ञेला ‘यू’ हा पर्याय दिला की ‘सध्या उपलब्ध नाही’ हा संदेश वाजतो, आणि ‘एस’ जोडला की त्यामागची लांबलचक इंग्रजी सूचना गळते.

व्हॉइसमेलच्या सेटिंग्जमध्ये तीन आकडे बघा. निरोपाची कमाल लांबी, म्हणजे मॅक्ससेक्स, १२० ते १८० सेकंद ठेवा. मिनसेक्सपेक्षा छोटे निरोप फेकून दिले जातात. तो ५ ठेवला तर टोन ऐकून फोन ठेवणाऱ्यांचे रिकामे निरोप साठत नाहीत. मॅक्ससायलेन्स म्हणजे किती सेकंद शांतता झाल्यावर रेकॉर्डिंग थांबवायचं तो आकडा. तो मिनसेक्सपेक्षा कमी असावा लागतो, नाहीतर नुसत्या शांततेचे निरोप येत राहतात. मिनसेक्स ५ असेल तर मॅक्ससायलेन्स ४ ठेवा.

रेकॉर्डिंगच्या प्रकाराचंही बघून घ्या. साधी डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला सुमारे १ एमबी होते. डब्ल्यूएव्ही४९ प्रकारात तीच साधारण ०.१ एमबी बसते. ईमेलला जोडताना फाइल आणखी एक तृतीयांशानं फुगते. कायमसाठी डब्ल्यूएव्ही४९ पुरे, पण पहिले काही दिवस साधी डब्ल्यूएव्हीच ठेवा. ती का, ते पुढे कळेल.

मग मोबाइलवर किंवा संगणकावर एखादा सॉफ्टफोन, म्हणजे इंटरनेट कॉल करणारं ॲप, टाका, तेच खातं भरा आणि व्हॉइसमेलचा क्रमांक लावा. निरोप बोला, ईमेल येतो का आणि आवाज स्वच्छ आहे का ते पाहा. इथपर्यंत सगळं चोख झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. झालं की सॉफ्टफोनमधलं खातं काढून टाका.

जोडणी

१. भिंतीतल्या डबीवरून आलेली वायर अडॅप्टरच्या ‘लाइन’ सॉकेटमध्ये लावा. डीएसएल असेल तर डबी आणि अडॅप्टर यांच्यामध्ये फिल्टर हवाच, नाहीतर कॉलमध्ये सतत सूं ऐकू येते आणि अडॅप्टरनं लाइन उचलली की इंटरनेटही डळमळतं. फायबरच्या डब्यातून लँडलाइन येत असेल तर त्या डब्याचं फोन सॉकेट हीच तुमची लाइन. तिथे फिल्टर नको.

२. घरचा टेलिफोन अडॅप्टरच्या ‘फोन’ सॉकेटमध्ये लावा.

३. इथरनेट केबल राउटरला लावा. दोन इथरनेट सॉकेट असतील तर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या सॉकेटला.

४. सर्वांत शेवटी वीज द्या.

भिंतीची लाइन चुकूनही ‘फोन’ सॉकेटमध्ये जाता कामा नये. एक्स्चेंजची लाइन सुमारे ४८ व्होल्ट घेऊन येते, आणि ‘फोन’ सॉकेटही स्वतःचा विद्युतदाब सोडत असतं. दोन्ही समोरासमोर आले की अडॅप्टरचं ते सॉकेट जळतं, विशेषतः तेवढ्यात रिंग आली तर. रिंगचा दाब ९० व्होल्टच्या आसपास जातो. उघड्या तारांना हात लावून काम करताना लाइन डबीतून काढून ठेवा. बोटाला बसणारा झटका जीवघेणा नसला तरी विसरण्यासारखाही नसतो.

घरात पॅरलल जोडलेले इतर फोन असतील तर ते थेट लाइनवर राहू शकतात. कुणी तिथे उचललं की रिंग थांबते आणि अडॅप्टर गप्प बसतो. मात्र व्हॉइसमेलचं रेकॉर्डिंग चालू असताना तिथे उचललं तर दोघांचंही बोलणं निरोपात जातं. ही व्यवस्थेची मर्यादा आहे, बिघाड नव्हे. चोरघंटा लाइनला जोडलेली असेल तर तिची जागा भिंतीच्या बाजूला, अडॅप्टरच्या आधी.

जोडणी झाली की एकदा अडॅप्टरची वीज काढा आणि फोन उचला. एचटी८१३ आणि एसपीए३१०२ दोन्हींमध्ये वीज गेली की आतला रिले फोनला सरळ लाइनशी जोडतो, त्यामुळे एक्स्चेंजचा डायल टोन ऐकू आला पाहिजे. आणीबाणीच्या कॉलसाठी हा एकच आधार असतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

सेटिंग्ज

एचटी८१३ ला जोडलेल्या फोनवरून *** दाबा. आवाजी मेन्यू येईल. त्यात ०२ दाबलं की अडॅप्टर आपला आयपी पत्ता वाचून दाखवतो. ब्राउझरमध्ये तो टाइप करा. पान उघडलं नाही तर पुन्हा *** दाबून १२ आणि मग ९ दाबा, वॅन बाजूचं वेबपान चालू होतं. नव्या अडॅप्टरचा पासवर्ड खालच्या लेबलवर छापलेला असतो. आत शिरल्यावर पहिलं काम तो बदलणं आणि दुसरं फर्मवेअर अद्ययावत करणं.

‘एफएक्सओ पोर्ट’ या पानावर एसआयपी सर्व्हर, दोन्ही आयडी आणि पासवर्ड भरा. इथे लोक घोटाळतात आणि खातं ‘एफएक्सएस पोर्ट’वर भरतात. लँडलाइनवरून आलेला कॉल एफएक्सओच्या खात्यातून बाहेर पडतो. एफएक्सएसचं खातं रिकामं राहिलं तरी चालतं. स्थिती दाखवणाऱ्या पानावर एफएक्सओसमोर ‘रजिस्टर्ड’ दिसेपर्यंत थांबा.

‘बेसिक सेटिंग्ज’मध्ये ‘अनकंडिशनल कॉल फॉरवर्ड टू व्हीओआयपी’ आहे. व्हीओआयपी म्हणजे इंटरनेटवरचा कॉल. त्यात युजर आयडीच्या जागी व्हॉइसमेलचा अंतर्गत क्रमांक, पुढे सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट, सहसा ५०६०, भरा. ‘अनकंडिशनल’ या शब्दानं दचकू नका. आधी घरचा फोन वाजणारच, कारण किती रिंगांनंतर लाइन उचलायची ते एफएक्सओच्या पानावरचं ‘नंबर ऑफ रिंग्ज’ ठरवतं. त्याच पानावर ‘पीएसटीएन रिंग थ्रू एफएक्सएस’ला (पीएसटीएन म्हणजे लँडलाइनचं जाळं) ‘येस’ ठेवा, नाहीतर अडॅप्टरला लावलेला फोन मुकाच राहील.

एसपीए३१०२ मध्ये  **** आणि मग ११०# दाबलं की आयपी पत्ता कळतो. पान उघडत नसेल तर ७९३२# दाबून १# दाबा. ‘पीएसटीएन लाइन’ या टॅबवर ‘पीएसटीएन-टू-व्हीओआयपी गेटवे’ चालू करा. ‘पीएसटीएन कॉलर डिफॉल्ट डीपी’ला २ द्या आणि दुसऱ्या डायलप्लॅनमध्ये कंसात रोमन मोठा एस, लगेच शून्य, मग <, :, व्हॉइसमेलचा क्रमांक आणि > असं लिहा. मध्ये कुठेही जागा सोडू नका. एस-शून्य म्हणजे ‘आकड्यांची वाट बघू नकोस, लगेच लाव’. ‘पीएसटीएन आन्सर डीले’ इथे सेकंदांत असतो, मूळ आकडा १६.

याच अडॅप्टरमध्ये ‘ऑफ हुक व्हाइल कॉलिंग व्हीओआयपी’ नावाचं एक गुणी सेटिंग आहे. ते ‘नो’ ठेवलं तर व्हॉइसमेलनं उचलल्यावरच अडॅप्टर लँडलाइन उचलतो. इंटरनेट बंद असेल त्या दिवशी समोरच्याला नुसतीच रिंग ऐकू येते, फुकटचा खर्च आणि खरखर त्याच्या वाट्याला येत नाही.

कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची पद्धत, दोन्हींत जी.७११ निवडा. एका दिशेला साधारण ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, एवढे आज कुठेही मिळतात. जी.७२९ नं वाचणारे किलोबिट इथे कुणाला नको आहेत, आणि रेकॉर्डिंग पुन्हा दाबून साठवलं की त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. सायलेन्स सप्रेशन, म्हणजे शांतता असताना काहीच न पाठवण्याची सोय, बंद करा. डीटीएमएफ, म्हणजे फोनची बटणं दाबल्यावरचे टोन, आरएफसी२८३३ पद्धतीनं पाठवा.

किती रिंगांनंतर

रिंगांची संख्या नव्हे, सेकंद मोजा. उत्तर अमेरिकेत एक रिंग २ सेकंद वाजते आणि ४ सेकंद थांबते, म्हणजे चार रिंगांना २४ सेकंद. ब्रिटिश धाटणीची दुहेरी रिंग ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते आणि २ सेकंद थांबते. ती ३ सेकंदांत संपते, तिथे चार रिंगांना फक्त १२ सेकंद. घरातल्या माणसाला दुसऱ्या खोलीतून यायला २० ते २५ सेकंद लागतात. अडॅप्टरनं त्याच्या हातून कॉल हिसकावता कामा नये.

खालची मर्यादा दोन रिंगांची. कॉल करणाऱ्याचा नंबर बऱ्याच पद्धतींत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत येतो. पहिल्याच रिंगला लाइन उचलली तर तो वाचायची संधीच मिळत नाही आणि ईमेलमध्ये ‘अज्ञात’ दिसतं. दोन रिंगा होऊनही नंबर येत नसेल तर ‘कॉलर आयडी स्कीम’ तपासा. बेलकोर, ईटीएसआय आणि डीटीएमएफ हे मुख्य प्रकार. ब्रिटनच्या पद्धतीत नंबर रिंगच्याही आधी येतो. अडॅप्टरच्या पानावर नंबर दिसतो पण ईमेलमध्ये तुमचाच नंबर येतो, असं असेल तर दोष लाइनचा नाही. पुष्कळ सेवा कंपन्या बाहेरचा नंबर पुढे न्यायला नकार देतात, त्यांच्याकडे ती सोय मागून घ्यावी लागते.

फोन खाली ठेवणं

समोरच्यानं फोन ठेवला हे लँडलाइनवर नेमकं कसं कळतं? इंटरनेट कॉलमध्ये त्याचा स्पष्ट संदेश येतो. तांब्याच्या तारेवर तसा संदेश नसतो. माणसाला कानानं कळतं, अडॅप्टरला खुणा शिकवाव्या लागतात. खुणा तीन आहेत, आणि तुमचं एक्स्चेंज त्यातली कोणती देतं यावर सगळं अवलंबून.

पहिली, प्रवाह क्षणभर तोडणं. समोरच्यानं ठेवलं की एक्स्चेंज लाइनचा प्रवाह काही शे मिलिसेकंदांसाठी बंद करतं. ही सर्वांत भरवशाची खूण. एचटी८१३ मध्ये ‘करंट डिस्कनेक्ट’ आणि एसपीए३१०२ मध्ये ‘डिटेक्ट सीपीसी’ चालू करा. बोलता बोलता कॉल तुटायला लागले तर त्याचा उंबरठा वाढवा, कारण खराब जोडणीतला क्षणिक खंडही अडॅप्टरला तीच खूण वाटते.

दुसरी, ध्रुव उलटे होणं. म्हणजे दोन तारांमधली धन-ऋण बाजू बदलते. तुमची लाइन हे करत असेल तरच ‘पोलॅरिटी रिव्हर्सल’ चालू करा. उगीच चालू ठेवलं तर काही लाइनींवर कॉल जोडताक्षणी कटतो.

या दोन्ही खुणा आहेत का हे साध्या मल्टीमीटरनं दिसतं. लाइनवर डीसी व्होल्ट मोजत राहा, मोबाइलवरून फोन लावून उचला. आकडा ४८ वरून ६ ते १० च्या आसपास उतरेल. आता मोबाइल ठेवा. मीटर क्षणभर शून्याकडे गेला तर पहिली खूण, चिन्ह उणे-अधिक झालं तर दुसरी. स्वस्त डिजिटल मीटर पाव सेकंदाचा खंड पकडत नाही, तेव्हा ‘मिनिमम होल्ड’चं बटण असलेला घ्या किंवा चार-पाच वेळा मोजा.

दोन्ही नसतील तर उरतो टोन. समोरच्यानं ठेवल्यावर एक्स्चेंज जो टूं-टूं ऐकवतं, तो अडॅप्टरनं ओळखायचा. इथे नेमके आकडे भरावे लागतात. अमेरिकी एंगेज टोन ४८० आणि ६२० हर्ट्झचा, अर्धा सेकंद आवाज आणि अर्धा शांतता. त्याचाच दुप्पट वेगाचा भाऊ पाव-पाव सेकंदाचा. युरोपात बऱ्याच ठिकाणी ४२५ हर्ट्झ, ब्रिटनमध्ये ४०० हर्ट्झ आणि ०.३७५ सेकंदांची लय. भारतात ४०० हर्ट्झ, ०.७५ सेकंद आवाज आणि ०.७५ शांतता.

पण तक्त्यावर विसंबू नका. एंगेज नंबर लावल्यावर ऐकू येणारा टोन आणि समोरच्यानं ठेवल्यावरचा टोन हे एकच असतील असं नाही, आणि फायबरच्या डब्यांचे टोन तर त्यांच्या बनवणाऱ्याच्या मर्जीचे असतात. खरा नमुना तुमच्याकडे आयताच आहे. टोन ओळखणं बंद असताना एक चाचणी कॉल करून फोन ठेवा. व्हॉइसमेलमध्ये जी त्रासदायक टूं-टूं रेकॉर्ड होते, तीच आपल्याला हवी. साधी डब्ल्यूएव्ही ठेवायला सांगितलं ते यासाठी. दाबलेल्या फाइलमध्ये वारंवारता नीट वाचता येत नाहीत. फाइल ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, टोनचा तुकडा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ लावा. उंच शिखरं म्हणजे वारंवारता. आवाजाचा आणि शांततेचा कालावधी लाटांच्या चित्रावरून मिलिसेकंदांत मोजा.

हे आकडे अडॅप्टरला त्याच्या पद्धतीनं द्यायचे. एचटी८१३ ला आधी वारंवारता, ॲटच्या खुणेनंतर पातळी, दुसरी असल्यास तीही तशीच, आणि शेवटी आवाज-शांततेचे मिलिसेकंद, तिरक्या रेघेनं विभागून. पातळी सुरुवातीला उणे ३२ डेसिबल धरा. टोन पकडला जात नसेल तर ती उणे ३५-३८ पर्यंत खाली न्या. त्याहून खाली गेलात तर बोलणाऱ्याचा दीर्घ ‘आ’कारसुद्धा टोन समजला जाऊ शकतो.

शांतता मोजून लाइन सोडणं हा शेवटचा उपाय, ३० सेकंदांच्या वर ठेवून. स्वागतसंदेश वाजत असताना समोरचा माणूस गप्पच असतो, हे विसरून आकडा कमी ठेवला की निरोप सुरू होण्याआधीच कॉल तुटतो.

आणि व्हॉइसमेलमधल्या मॅक्ससायलेन्सवर फाजील विश्वास नको. टूं-टूं म्हणजे शांतता नव्हे, त्यामुळे तो लागूच होत नाही. काहीच नाही जमलं तर मॅक्ससेक्स हे कुंपण कामी येतं. वेळ संपली की व्हॉइसमेल कॉल बंद करतो, तो संदेश अडॅप्टरला पोहोचतो आणि लाइन मोकळी होते. म्हणूनच तो आकडा १८० च्या वर नेऊ नये. एका निरोपात दर तीन सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची तीक्ष्ण शीळ ऐकू आली तर मात्र सेटिंग्ज चिवडू नका. पलीकडे फॅक्स मशीन आहे.

आवाज

प्रतिध्वनी येत असेल किंवा आवाज पोकळ वाटत असेल तर एफएक्सओचा इंपीडन्स, म्हणजे विद्युत अवरोध, लाइनशी जुळत नाही. अमेरिकी धाटणीला ६०० ओहम, युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी २७० ओहम अधिक ७५० ओहम-१५० नॅनोफॅरड हा गट. देश निवडायची सोय असेल तर देश निवडा, एचटी८१३ मध्ये आपोआप शोधायचा पर्यायही आहे. निरोप हळू ऐकू येत असेल तर लाइनकडून इंटरनेटकडचा गेन ३ डेसिबलनं वाढवा, ६ च्या पुढे नको. इंपीडन्स जुळवण्याआधी गेनला हात लावला तर प्रतिध्वनीच मोठा होतो.

दार उघडं ठेवू नका

अडॅप्टरनं लाइन उचलल्यावर समोरच्याला इंटरनेटचा डायल टोन दिला, तर तुमचा नंबर लावून कुणीही तुमच्या पैशानं परदेशी बोलू शकतो. कॉल वळवण्याचा रकाना रिकामा राहिला की नेमकं हेच घडू शकतं. मोबाइलवरून कॉल करून, व्हॉइसमेल लागण्याआधी काही टोन ऐकू येतो का हे कान देऊन तपासा. उलट दिशेचं दारही लावा. एसपीए३१०२ मध्ये ‘व्हीओआयपी-टू-पीएसटीएन गेटवे’ ‘नो’ करा. सेवा कंपनीच्या खात्यात परदेशी कॉल बंद करा आणि फक्त आगाऊ भरलेली छोटी रक्कम ठेवा.

राउटरवर एकही पोर्ट उघडू नका. अडॅप्टर स्वतःच बाहेर कॉल लावतो, त्याला त्याची गरज नाही. राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’, म्हणजे एसआयपीच्या संदेशांत फेरफार करणारी सोय, मात्र बंद करा. स्वागतसंदेश ऐकू येतो पण निरोप मुका येतो, किंवा बरोबर ३०-३२ सेकंदांनी कॉल तुटतो, अशा तक्रारींमागे बहुधा तेच असतं.

चाचणी, याच क्रमानं

मोबाइलवरून कॉल करा आणि चौथ्या रिंगच्या आत घरचा फोन उचला. नेहमीसारखं बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या कॉलला उचलू नका, निरोप ठेवा, ईमेलमधला नंबर आणि आवाज पाहा. तिसऱ्या कॉलला निरोप अर्धवट ठेवून मोबाइल कट करा आणि लगेच घरचा फोन उचला. पाच-दहा सेकंदांत डायल टोन आला तर लाइन सुटली. चौथ्या कॉलला सलग ९० सेकंद बोला, मध्ये तुटता कामा नये. पाचव्या कॉलला राउटर बंद ठेवून समोरच्याला काय ऐकू येतं ते पाहा.

तिसरी चाचणी मोबाइलवरून पास झाली तरी एकदा दुसऱ्या लँडलाइनवरूनही करा. कॉल कुठल्या मार्गानं आला यावर एक्स्चेंजच्या खुणा बदलू शकतात. दोन्ही ठिकाणी जमलं की रेकॉर्डिंगचा प्रकार डब्ल्यूएव्ही४९ करा, अडॅप्टरच्या सेटिंग्जची फाइल संगणकावर उतरवून ठेवा आणि स्वागतसंदेश पुन्हा एकदा रेकॉर्ड करा. या वेळी १० सेकंदांच्या आत.